नगरपालिका नसलेल्या गावाचे दप्तर

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत एखाद्या गावासंबंधीची नोंद शोधणाऱ्याला काउंटीच्या मुख्य ठिकाणाचा पत्ता सांगितला जातो, कारण खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहनोंदी, करआकारणीच्या वह्या आणि खटल्यांचे कागद तिथे एका छपराखाली, किंवा फार तर शेजारशेजारच्या कचेऱ्यांत ठेवलेले असतात. अलास्कात मात्र काउंटी ही संस्थाच नाही. १९५९ मध्ये राज्याचा दर्जा मिळालेल्या या प्रदेशाच्या संविधानाने तिच्या जागी ‘बरो’ हा स्थानिक शासनाचा घटक कल्पिला. संघटित बरोला निवडून आलेली सभा, कर बसवण्याचा अधिकार आणि स्वतःचे दप्तर असते. संघटित बरोंबाहेर उरलेला, राज्याच्या निम्म्याहून अधिक भूभाग १९६१ च्या कायद्याने ‘असंघटित बरो’ या एकाच नावाखाली आला आणि तिथे बरोसभेचे अधिकार वापरण्याची मुभा संविधानाने थेट राज्याच्या विधिमंडळाला दिली. जिने शहराचा कायदेशीर दर्जा घेतलेला नाही अशा वस्तीला अनिगमित वस्ती म्हणतात. तिथे घरे असतात, माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कदाचित शाळा आणि विमानाची धावपट्टीही असते; परंतु गावाच्या नावाने ठराव करणारी, कर घेणारी, करारावर सही करणारी आणि त्या सर्वांचे कागद जपून ठेवण्यास बांधलेली संस्था नसते.

अशा वस्तीची सार्वजनिक नोंद, म्हणजे शासनाने आपल्या कामाच्या ओघात तयार केलेली किंवा स्वीकारलेली आणि कायद्याने कोणालाही पाहता येणारी नोंद, नेमकी कुठे शोधावी, आणि ती सापडली म्हणजे प्रश्न मिटला असे मानावे काय, याविषयी दोन भूमिका संभवतात. त्यांपैकी एक येथे अभिलेखपालांच्या तोंडी घातली आहे व दुसरी स्थानिक स्वराज्याच्या प्राध्यापिकेच्या. चर्चेसाठी दोघांनी कॉपर नदीचे खोरे समोर ठेवले आहे. या खोऱ्यात केनेकॉट हे तांब्याच्या खाणीचे कंपनीने वसवलेले गाव आणि त्याच्या खाली काही मैलांवरचे मॅकार्थी या दोन वस्त्या आहेत. खाण व तिच्यासाठी बांधलेली रेल्वे १९३८ मध्ये बंद पडली, त्या रेल्वेच्या भरावावरून चिटिनापासून येणारा सुमारे ६० मैलांचा कच्चा रस्ता आज मॅकार्थीपर्यंत पोचतो, आणि १९८० पासून या वस्त्यांच्या चहूबाजूंना रँगल–सेंट इलायस हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे.

“गावाला कचेरी नाही म्हणून गावाच्या नोंदी नाहीत, हा समज आधी दूर केला पाहिजे,” असे अभिलेखपालांचे पहिले प्रतिपादन आहे. “नोंद गावामागे जात नाही, अधिकारामागे जाते. त्या त्या काळी तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे होता एवढे ठरवले की कागद कोणत्या कपाटात असेल हे बहुधा ठरते. जमिनीच्या हस्तांतराचे दस्त राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या नोंदणी कचेरीत आहेत. त्यासाठी राज्याचे ३४ नोंदणी जिल्हे पाडलेले आहेत, त्यांच्या सीमांचा बरोच्या सीमांशी संबंध नाही, आणि मॅकार्थी त्यांतील चिटिना जिल्ह्यात येते. खटले पाहायचे तर सबंध राज्याची न्यायव्यवस्था एकच असल्याने त्यांची सूचीही एकच. जन्ममृत्यूच्या नोंदी १९१३ पासून प्रदेशभर घेतल्या जातात आणि त्या राज्याच्या आरोग्य खात्याकडे आहेत. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात, आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या १८१६ ते १९३६ या काळातील अशा नोंदी वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. ज्या राज्यांत शेकडो काउंट्या आपापल्या पद्धतीने वह्या ठेवतात त्यांच्या तुलनेत ही व्यवस्था शोधणाऱ्याला अधिक सोयीची आहे.”

प्राध्यापिकांचा आक्षेप या यादीवर नसून तिच्यातील रिकाम्या जागेवर आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार, असंघटित बरोत शहरांच्या हद्दीबाहेर घरजमिनीवर कर नसतो. कर नाही म्हणून आकारणी अधिकारी नाही, आणि अधिकारी नाही म्हणून आकारणीची वही नाही. घर कोणाचे, केव्हा बांधले, किती क्षेत्रावर उभे आहे आणि ते कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेले, हे वर्षागणिक सांगणारी जी साधी वही इतरत्र गृहीत धरली जाते, ती मॅकार्थीसाठी कधी लिहिलीच गेली नाही. टॉल्कीट्ना हेदेखील अनिगमितच आहे. परंतु ते माटानुस्का–सुसिट्ना या संघटित बरोत येत असल्याने त्याच्या प्रत्येक भूखंडाची आकारणी पामर येथील बरोच्या कचेरीत पाहता येते. म्हणजे दोन गावे दिसायला सारखी असली तरी त्यांच्या नोंदींचे जग निराळे आहे, आणि तो फरक गावकऱ्यांनी काय केले यावरून पडलेला नसून सीमारेषा कुठून गेली यावरून पडलेला आहे. “शिवाय अलास्कात विक्रीची किंमत जाहीर करण्याची सक्ती नाही,” असे त्या पुढे म्हणतात, “म्हणून खरेदीखत सापडले तरी व्यवहार केवढ्याचा झाला हे त्यावरून समजत नाही. आपण ज्याला सोय म्हणता ती, नोंद झालेली आहे अशाच गोष्टींपुरती आहे.”

अभिलेखपाल ही उणीव मान्य करतात, परंतु ती भरून काढण्याचे मार्ग आहेत असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांच्या बाजूने बोलायचे तर हे मार्ग खरोखरच पुष्कळ दूरवर नेतात. अलास्कातील जमीन मुळात संघराज्याची असल्यामुळे प्रत्येक खाजगी भूखंडाच्या मालकीचा उगम शेवटी संघराज्याने दिलेल्या हक्कपत्रात असतो, मग ते हक्कपत्र थेट खाजगी व्यक्तीला मिळालेले असो किंवा राज्याला मिळालेल्या जमिनीतून भूखंड पुढे विकला गेलेला असो. ही हक्कपत्रे संघीय भूमी व्यवस्थापन विभागाच्या दप्तरात असतात आणि त्यांचा माग मुख्य हक्क-नकाशावरून घेता येतो; एका चौकोनी भूभागातील हक्कपत्रे, राखीव क्षेत्रे आणि प्रलंबित अर्ज ज्यावर एकत्र दाखवलेले असतात त्या नकाशाला हे नाव आहे. मात्र या नकाशावर गावाच्या नावाने शोध घेता येत नाही. राज्यात कॉपर रिव्हर, फेअरबँक्स, कटील रिव्हर, सूअर्ड आणि उमियाट अशा पाच मुख्य मध्यरेषा मानल्या आहेत, आणि भूखंडाचे वर्णन त्यांपैकी एकीपासून मोजलेल्या टाउनशिप, रेंज व सेक्शन या तीन अंकांनी होते. हे अंक हाती नसतील तर पुढचा शोध खुंटतो. असंघटित बरोत जमिनीचे तुकडे पाडण्याच्या नकाशांना मंजुरी देण्याचे कामही नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याकडेच असल्यामुळे अलीकडच्या विभाजनांचे कागद तिथे सापडतात. नोंदणी कचेरीविषयी एक गोष्ट शोधणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी, असे अभिलेखपाल सांगतात: दस्त खरा की खोटा, देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार होता की नाही, याचा निवाडा ही कचेरी करत नाही. दस्त कोणत्या दिवशी व किती वाजता दाखल झाला एवढे ती नोंदवते, आणि आधीच्या व्यवहाराची कल्पना नसताना सद्भावनेने खरेदी करून ज्याने आपला दस्त आधी नोंदवला त्याला कायदा संरक्षण देतो, म्हणून त्या वेळेला महत्त्व आहे.

याच ठिकाणी अभिलेखपाल एका जुन्या कागदाकडे लक्ष वेधतात. १८७२ च्या संघीय खाणकायद्यानुसार धातूच्या शिरेवरील दावा जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असू शकतो. शोधकाने जागेवर दगडांची रास रचून किंवा खांब रोवून त्यावर दाव्याची सूचना लावायची, तीत दाव्याचे नाव, स्वतःचे नाव, शोधाची तारीख आणि जवळच्या ओळखीच्या नदीपासून वा कड्यापासूनचे अंतर लिहायचे, तिची प्रत ९० दिवसांच्या आत नोंदणीसाठी द्यायची, आणि पुढे दरवर्षी किमान १०० डॉलरचे काम केल्याचे प्रतिज्ञापत्र नोंदवत राहायचे, अशी ही पद्धत. हे सारे कागद ओळीने लावले की एखाद्या दरीत कोण केव्हा आले, कोणी कोणाला हिस्सा विकला, कोणत्या वर्षी प्रतिज्ञापत्र आले नाही म्हणजे बहुधा कोणत्या वर्षी माणूस दरी सोडून गेला, हे कळू लागते. १९०० च्या उन्हाळ्यात दोन शोधकांनी लावलेल्या बोनान्झा दाव्यातून केनेकॉटची खाण उभी राहिली. खाण अभियंता स्टीफन बर्च यांनी ज्या गटाकडून या दाव्याचे हिस्से मिळवले त्या गटाविरुद्ध, हे शोधक आमच्याच शिधासामग्रीवर काम करत होते असे म्हणत दुसऱ्या एका कंपनीने दावा लावला. न्यायाधीश जेम्स विकरशॅम यांनी तो फेटाळला. नगरपालिका नसलेल्या, किंबहुना त्या वेळी गावच नसलेल्या ठिकाणचा हा इतिहास केवळ दाव्याच्या सूचना, हिस्सेपत्रे आणि न्यायालयाचे कागद यांतून जवळजवळ सबंध उभा करता येतो.

“आणि त्या काळी ही वही मॅकार्थीसारख्या गावातच असे, हे विसरू नये,” असे प्राध्यापिका म्हणतात. राज्यपूर्व काळात संघराज्याने नेमलेला कमिशनर हा एकच मनुष्य दस्त नोंदवी, किरकोळ खटले चालवी, वारसाहक्काची प्रकरणे मिटवी आणि संशयास्पद मृत्यूची चौकशीही करी. गावकऱ्याला सगळ्यासाठी एकाच दारी जावे लागे. अभिलेखपालांचे यावरील उत्तर या संवादातील त्यांचे सर्वांत वजनदार उत्तर आहे. कमिशनरला वेतन नव्हते, तो शुल्कावर जगत होता. खाण जोरात असे तेव्हा वह्या भरत, ती मंदावली की कमिशनरही निघून जाई, आणि वह्यांचे पुढे काय होणार हे त्याच्या सचोटीवर अवलंबून राही. राज्य स्थापन झाल्यावर त्याच्या पेटीतील कागदांची कामानुसार फाटाफूट होऊन वारसा व खटले न्यायालयाकडे, दस्त नोंदणीकडे, जन्ममृत्यू आरोग्य खात्याकडे गेले, ही शोधणाऱ्याची गैरसोय झाली हे खरे. पण ज्या गावाची वस्ती १९३८ नंतर जवळजवळ संपली, त्या गावाच्या वह्या गावातच ठेवल्या असत्या तर आज वाद घालण्यापुरतेही काही उरले नसते. प्राध्यापिका यावर प्रतिवाद करत नाहीत, आणि करण्यासारखा तो नाहीही.

त्यांचा मुख्य मुद्दा वेगळा आहे आणि तो खोऱ्यातील आथना लोकांच्या गावांवरून त्या मांडतात. १८ डिसेंबर १९७१ च्या मूलनिवासी दावे निवाडा कायद्याने अलास्कातील आदिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क संपुष्टात आणून त्याबदली सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन व ९६ कोटी २५ लाख डॉलर दिले; परंतु ही जमीन टोळ्यांना किंवा गावांना न देता त्यासाठी स्थापन केलेल्या प्रादेशिक व ग्राम कंपन्यांना दिली, ज्यांत त्या वेळचे मूलनिवासी भागधारक झाले. गावाच्या भोवतीची जमीन अशा रीतीने कंपनीच्या मालकीची झाली, आणि कंपनीच्या सभेचे इतिवृत्त ही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक नोंद नव्हे. ते पाहण्याचा हक्क भागधारकाला आहे, शेजाऱ्याला नाही. गावाच्या वतीने प्रत्यक्षात बहुतेक निर्णय घेणारी टोळीची परिषद हे संघराज्याने मान्य केलेले स्वतंत्र शासन आहे, आणि अशा सव्वादोनशेहून अधिक टोळ्या अलास्कात आहेत. तिचे कागदही राज्याच्या सार्वजनिक नोंदी कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि यावेत असे म्हणणे हा तिच्या सार्वभौमत्वावर घाला ठरेल. ज्या भूखंडांवर आदिवासी कुटुंबांचा मर्यादित हक्क आहे, म्हणजे जे संघराज्याच्या संमतीवाचून विकता येत नाहीत, त्यांची अधिकृत हक्कनोंद राज्याच्या नोंदणीत नसून संघीय आदिवासी व्यवहार विभागाच्या हक्कनोंदणी कचेरीत असते. “राज्याची सूची चाळून भूखंडावर कोणाचाही हक्क नाही असा निष्कर्ष काढणारा परका शोधक,” असे प्राध्यापिका बजावतात, “एखाद्या कुटुंबाचे शंभर वर्षांचे मासेमारीचे ठाणे कागदावरून पुसून टाकतो. हा अज्ञानाचा दोष आहे, पण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.”

१९७१ च्या त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात एक तरतूद आहे, आणि अनिगमित गावाच्या दृष्टीने तिच्याइतके महत्त्वाचे कलम शोधून सापडणार नाही. गावाच्या सध्याच्या व भावी सार्वजनिक गरजांसाठी ग्राम कंपनीने काही जमीन नगरपालिकेला द्यावी, आणि नगरपालिका नसेल तर ती राज्याने भावी नगरपालिकेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळावी, असे ते सांगते. जी संस्था अजून जन्मलेली नाही तिच्या नावाने राज्याचा ‘नगरभूमी विश्वस्त’ जमीन सांभाळतो. ती कोणाला भाड्याने द्यायची झाली तर गावातील एखादी मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संस्था, बहुधा टोळीची परिषद किंवा रहिवाशांचा संघ, तिचे मत तो घेतो. या जमिनीसंबंधीचे ठराव, पत्रव्यवहार आणि नकाशे राज्याच्या समुदाय व प्रादेशिक व्यवहार विभागात असल्याने ते कायद्याने खुले आहेत. कॉपर खोऱ्यात मात्र आणखी एक पदर आहे: १९८० मध्ये आठांपैकी सात ग्राम कंपन्या आथना या प्रादेशिक कंपनीत विलीन झाल्या, एकटी चिटिनाची कंपनी स्वतंत्र राहिली, म्हणून शेजारच्या दोन गावांसाठी एकच प्रश्न घेऊन निघालेल्याला दोन निरनिराळ्या दारांशी जावे लागते, आणि विलीन झालेल्या कंपनीच्या जुन्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती अर्धवटच कागद लागतात.

अभिलेखपालांना यात काही अडचण दिसत नाही. ज्याला अधिकार त्याच्याकडे नोंद, हे त्यांचे सूत्र इथेही लागू पडते, आणि राज्याच्या कायद्यानुसार विनंती मिळाल्यापासून साधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत उत्तर मिळते, महिन्याला पाच तासांपर्यंतच्या शोधकामाला शुल्क पडत नाही, याचा ते आधार देतात. पण प्रश्न मिळण्याचा राहत नाही, हे प्राध्यापिका एका पुलाच्या उदाहरणाने दाखवतात. मॅकार्थीला जाण्यासाठी केनिकॉट नदी एकेकाळी दोरावरून हाताने ओढायच्या पाळण्यातून ओलांडावी लागे. १९९७ मध्ये तिथे पादचारी पूल झाला. वाहनांसाठी पूल व्हावा की न व्हावा हा तिथल्या रहिवाशांच्या साऱ्या जगण्याचा प्रश्न होता, परंतु बांधण्याचा अधिकार राज्याच्या वाहतूक खात्याचा, म्हणून नोंद आहे ती त्या खात्याच्या प्रकल्पाची, गावाच्या मताची नव्हे. एखाद्या रहिवाशाने लिहिलेले पत्र त्या फाइलमध्ये ‘आलेला अभिप्राय’ म्हणून जपले गेले असेल. गावाने एकत्र बसून काय ठरवले आणि कोणी विरोध केला, हे लिहून ठेवण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच नव्हती. गावाविषयीच्या नोंदी विपुल आणि गावाची अशी नोंद मात्र नाही, हे त्यांचे म्हणणे अभिलेखपालांचे सूत्र खोडत नाही, पण त्या सूत्राची मर्यादा निःसंशय दाखवते.

अंतराचा प्रश्नही त्या सोडत नाहीत. १८६६ च्या एका संघीय कायद्याने संघराज्याच्या अनारक्षित जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्यांना मार्गाधिकार दिला होता. १९७६ मध्ये तो रद्द झाला, पण तोवर निर्माण झालेले अधिकार टिकले. त्यामुळे आज उद्यानाच्या आत घर असणाऱ्याला आपल्या घराकडे जाणारी जुनी वाट सार्वजनिक होती हे सिद्ध करायचे, तर १९०५ मध्ये स्थापन झालेल्या अलास्का रस्ते आयोगाच्या काळातील कागद लागतात. अशा संघीय कागदांसाठी अँकरेजला राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा होती; ती २०१४ मध्ये बंद करून तिथला संग्रह सिएटलला हलवला गेला, आणि २०२० मध्ये सिएटलची इमारतही विकून कागद आणखी दूर मिझुरी व कॅलिफोर्नियाला नेण्याचे ठरले. वॉशिंग्टन राज्याने आणि अनेक टोळ्यांनी न्यायालयात धाव घेतली, फेब्रुवारी २०२१ मध्ये मनाई हुकूम मिळाला आणि एप्रिलमध्ये विक्रीचा निर्णय मागे घेण्यात आला. केंद्रीकरणाच्या बाजूने बोलणारे अभिलेखपालही या प्रसंगी टोळ्यांच्याच बाजूचे आहेत, कारण ज्या कागदांची सूची अजून पुरती झालेली नाही आणि ज्यांच्या प्रतिमा घेतल्या गेलेल्या नाहीत, त्यांच्या बाबतीत अंतर म्हणजे प्रत्यक्षात नकारच, हे त्यांना व्यवसायातून ठाऊक आहे.

एका मुद्द्यावर मात्र दोघांच्या भूमिकांची अदलाबदल होते. अलास्काच्या संविधानात १९७२ पासून खाजगीपणाचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे; जन्माची नोंद १०० वर्षे आणि मृत्यू, विवाह व घटस्फोटाची नोंद ५० वर्षे गोपनीय राहते. पाचपन्नास माणसांच्या वस्तीत नाव झाकल्याने ओळख झाकली जात नाही, म्हणून राज्याची राजधानी ज्युनो येथील कचेरीतील अनोळखी कारकुनाच्या हाती कागद असणे हेच तिथल्या माणसाचे संरक्षण आहे, असे अभिलेखपाल म्हणतात, आणि गावच्या हाती नोंदी असाव्यात असे म्हणणाऱ्या प्राध्यापिका व्यक्तींच्या नोंदींपुरते ते विनाअट स्वीकारतात. त्यांची मागणी जमीन, रस्ते, पाणी आणि विश्वस्ताकडील जमीन यांच्या कागदांपुरती आहे.

केवळ दप्तर हवे म्हणून गावाने शहराचा दर्जा घ्यावा, असे त्याही म्हणत नाहीत. स्थानिक सीमा आयोगापुढे अर्ज करणे, कर बसवणे आणि निवडणुका घेणे हा भार कित्येक वस्त्यांना पेलणारा नाही आणि पुष्कळांनी तो जाणूनबुजून नाकारलेला आहे. त्यांची सूचना एवढीच आहे की, एखाद्या अनिगमित वस्तीविषयी राज्याचे कोणतेही खाते निर्णय घेईल तेव्हा त्या फाइलची प्रत वस्तीजवळच्या सार्वजनिक जागी ठेवणे त्या खात्यावर बंधनकारक असावे, आणि त्यासाठी असंघटित बरोत निवडून आलेले मंडळ असणारी शाळा ही सर्वांत योग्य जागा आहे, कारण प्रादेशिक शाळाजिल्ह्याचे मंडळ खुल्या सभांच्या व सार्वजनिक नोंदींच्या कायद्याने बांधलेले असते. अभिलेखपाल यावर विचारतात की कॉपर रिव्हर शाळाजिल्ह्याची केनी लेक येथील शाळा तर चिटिनाच्याही पलीकडे आहे, मग मॅकार्थीच्या रहिवाशाने साठ मैलांचा कच्चा रस्ता ओलांडून आणखी पुढे जायचे काय. प्राध्यापिकांचे उत्तर असे की तो चिटिनापर्यंत अन्य कामांसाठी आजही येतोच, ज्युनोला मात्र त्याला रस्त्याने जाताच येत नाही. आणि प्रत कोणी अद्ययावत ठेवायची या अभिलेखपालांच्या पुढच्या प्रश्नावर त्या खात्याचे नाव घेतात, गावाचे नाही.